स्लॅबखाली कोण झोपणार

नांदेडच्या अगदी कडेला, जिथं पूर्वी कापसाची शेतं होती आणि आता कंपाउंडच्या भिंती आहेत, तिथं मी राहते. संध्याकाळी चालायला बाहेर पडलं की कुणीतरी गाठतंच. कुणी मुलाच्या नोकरीपायी मुदखेडहून आलेलं, कुणी कंधारचं दुकान भावाच्या गळ्यात मारून आलेलं. सगळ्यांचा प्रश्न एकच, "काय, करमतंय का इथं?" मी "करमतंय की" म्हणते आणि पाय उचलते. खरं सांगायचं तर मला या प्रश्नाचा राग येतो. न करमायला काय झालं? नळाला पाणी येतं, रस्त्यावर दिवे आहेत, भाजीवाला दारात येतो. पण मला कुठंच धड करमत नाही, हे त्या भल्या माणसांना काय सांगणार? दर महिन्या-दोन महिन्यांनी मी पलंग ओढून जागा बदलते. घरातले वैतागतात. मी म्हणते, उजेड डोळ्यांवर येतो. उजेडाचा काही संबंध नसतो. डोक्याशी भिंत नको वाटते, एवढंच.

ही खोड मला लागली ती लातूरच्या कॉलनीत. त्याआधी आम्ही गोलाईच्या बाजारामागं एका गल्लीत राहायचो. दगडमातीचं घर, वर माळवद. माळवद म्हणजे लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर हातभर माती. उन्हाळ्यात घर गार राहायचं, म्हणून आम्हाला त्याचा अभिमान होता. एक भिंत शेजारच्या खालांची आणि आमची मिळून होती. खालांच्या घरी गाद्या आणि रजया भरायचं काम चालायचं. आई मसाला कुटताना मधेच भिंतीवर बत्ता ठोकायची, पलीकडून खालांचा ठोका यायचा, आणि दोघी आपापल्या दारात येऊन बोलत उभ्या राहायच्या. कशासाठी बोलावलं ते पुष्कळदा दोघींनाही आठवायचं नाही. तरी बोलणं तासभर चालायचं.

गणपती बुडवून आलो, दमून पडलो आणि पहाटे भूकंप झाला. मिळून असलेली ती भिंत खालांच्या बाजूला कोसळली. आमच्या गल्लीत कुणी दगावलं नाही. औशाकडच्या एका खेड्यात आईची थोरली बहीण दिलेली होती. तिच्या घराचं माळवद खाली आलं. मावशी गेली, तिच्या घरातलं कुणीच राहिलं नाही. आई तिथं जाऊन आली. रडलीसुद्धा नाही आमच्यासमोर. फक्त घरात पाऊल टाकायचं तिनं बंद केलं. भांडी आणायची तर अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पाठवायची आणि ते बाहेर येईपर्यंत दारात उभी राहून "चला, चला" करत राहायची.

कित्येक आठवडे अख्खी गल्ली रस्त्यावर झोपली. मेणकापडाखाली एका बाजूला आम्ही, एका बाजूला खालांचं घर. मला ते दिवस आवडले होते हे सांगायला हरकत नाही. संध्याकाळी मोठी माणसं घोळका करून बसायची आणि विषय एकच, आता राहायचं कुठं. ज्याला त्याला मत होतं. गावाबाहेर मोकळ्यावर जावं, गावात मरण आहे. गावाबाहेर काय कोल्हे आहेत, गावातच राहावं. अण्णा शिक्षक होते, त्यांना मोकळी जागा आणि सरळ रस्ते फार आवडायचे. रिंग रोडच्या पलीकडं प्लॉट पडले होते. अण्णा बघायला गेले, बरोबर खालांचे मालकही गेले. दलालानं अण्णांना प्लॉट दाखवला आणि खालांच्या मालकांना म्हणाला, "चाचा, तुमच्यासाठी तिकडच्या बाजूला बघू." परत येताना अण्णा त्यांच्या मागं मागं चालत आले. खालांनीच मग आईची समजूत काढली. "आमाला काय करायचंय कॉलनीला? आमचं गिऱ्हाईक समदं हितंच हाय की." जाताना त्यांनी आईला नवी रजई भरून दिली. आईनं ती ट्रंकेत सगळ्यात खाली ठेवली.

कॉलनी म्हणजे ज्वारीचं शेत होतं. आमच्याआधी चार-पाच घरं आली होती आणि त्यांनी आमचं स्वागत एकाच वाक्यानं केलं, "इथं हवा चांगली आहे." दुसरं चांगलं म्हणण्यासारखं काही नव्हतंच. पाणी टँकरनं यायचं, रस्ता म्हणजे चिखल, दुकान रिंग रोड ओलांडून. पण कुणालाही विचारा, हवा मात्र चांगली. पहिल्या उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडल्या. ती जमीन दर उन्हाळ्यात तशी फाटतेच. पण आम्ही गल्लीतली माणसं, आम्हाला काय माहीत? आईनं एका भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत गेला. तिनं अण्णांना शाळेतून बोलावून घेतलं. समोरच्या प्लॉटवर एक निवृत्त हेडमास्तर राहायचे, मूळचे खेड्यातले, ते पोट धरून हसले. आईनं पुढं कितीतरी दिवस त्यांच्याकडं बघितलं नाही.

अण्णांच्या मनात सगळं घर पत्र्याचं बांधायचं होतं. पत्रा पडला तरी माणूस मरत नाही, हे तेव्हा लहान मुलालाही पाठ होतं. पण ताईच्या लग्नाचं बघत होते आणि पाहुणे पहिला प्रश्न विचारायचे, "घर स्लॅबचं आहे का पत्र्याचं?" गंमत बघा, जे पाहुणे हे विचारायचे ते स्वतः अंगणात पत्र्याच्या खोपीत झोपायचे. तरी स्लॅब पाहिजे. मग अण्णांनी मागं दोन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं आणि पुढं पत्र्याची एक लांब खोली काढली, तात्पुरती म्हणून. स्लॅब टाकला त्या दिवशी मजुरांना जेवण घातलं, गोड केलं. अण्णा खालून वर बघत होते आणि त्यांच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. इंजिनिअर म्हणाला, "वर हत्ती नाचवा, काही होणार नाही." आई म्हणाली, "हत्ती कोण नाचवायलंय? झोपायचं कसं ते सांगा."

ताईचं लग्न झालं आणि स्लॅबचा उपयोग संपला. आम्ही पत्र्याखाली झोपायला लागलो. दिवसा पाहुणा आला की स्लॅबच्या खोलीत बसवायचा, चहा द्यायचा, पंखा लावायचा. पाहुणा गेला की कुलूप. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की खाली बसवत नसे, गारा पडल्या की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. मी अभ्यास करताना चिडचिड करायची, पाय आपटायची, एकदा उशी घेऊन मागं जायला निघाले तर आईनं माझा दंड असा धरला की बोटं उमटली. आणि हे आमचंच नव्हतं. सगळ्या कॉलनीत मागं झकास स्लॅबचं बंद घर आणि पुढं पत्र्याखाली घरमालक. कुणी नवखा आला तर त्याला आम्ही सगळे वेडे वाटलो असतो. विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर तयार होतं, "पुढं हवा चांगली येते." भीती वाटते असं कुणी म्हणायचं नाही. अण्णाही म्हणायचे नाहीत.

स्लॅबच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर आईनं एक तांब्या ठेवला होता आणि त्यावर स्टीलचा पेला पालथा घातला होता. भूकंपानंतर आमच्याकडं घरोघरी हे होतं. जमीन जराशी हलली तर पेला वाजतो, माणसानं बाहेर पळायचं. आता ज्या खोलीत कुणी झोपतच नाही तिथं पेला कशाला, असं मी एकदा विचारलं. आई म्हणाली, "घराला तर कळंल." रिंग रोडवरून वाळूचा ट्रक गेला तरी तो पेला किणकिणायचा आणि आम्ही हातातलं टाकून अंगणात. समोरचे हेडमास्तर आणि त्यांची बायकोही त्यांच्या अंगणात. मग सगळे एकमेकांकडं बघून हसायचे आणि हवेचा विषय काढायचे. ट्रक आहे हे डोक्याला कळायचं, पायांना कळायचं नाही.

मला गल्लीत परत जायचं होतं. इथं भिंतीवर बत्ता ठोकला तर पलीकडं ऐकायला कोण होतं? एकदा खाला आल्या होत्या घर बघायला. सगळीकडं फिरल्या, स्लॅबचं कौतुक केलं, नळाची कोरडी तोटी सोडून बघितली. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "घर लई ब्येस हाय, भाभी. पर हितं कुणाचा आवाजच येत न्हाई की." आईनं मान हलवली. त्या दिवशी ती जेवली नाही.

मग क्लासचे दिवस आले. परीक्षेत वर आलेल्या लातूरच्या मुलांचे फोटो पेपरात यायला लागले आणि बघता बघता लांबलांबची पोरं एस.टी.तून उतरायला लागली. लोखंडी पेटी, बादली, गादीची वळकटी, बरोबर वडील. दिवसभर कॉलनीत एकच प्रश्न फिरायचा, "खोली आहे का?" आणि आमच्या कॉलनीत खोल्यांना काय तोटा? सगळी स्लॅबची घरं रिकामीच होती. एकेकाचं कुलूप निघालं. मालक ज्या खोलीत कधी झोपला नव्हता तिथं खाटा पडल्या, खिळ्यांना शर्ट लटकले, दारावर वेळापत्रकं चिकटली. ज्या कॉलनीत हवेशिवाय काही नव्हतं तिथं मेस निघाली, झेरॉक्स निघालं. माणसं खूष झाली. कॉलनी वसली म्हणाली.

हेडमास्तरांनीही मागच्या खोल्या पोरांना दिल्या. आईनं टँकरच्या रांगेत त्यांना गाठलं. "गुरुजी, तुम्ही झोपता का हो तिथं?"

"आम्हाला सवय नाही ना, वहिनी," ते म्हणाले. "पोरांचं काय, पोरं कुठंही झोपतात."

आई घरी आली ती घागर आपटूनच. "लोकाची लेकरं हायत म्हणून का?" ती अण्णांवर ओरडली. अण्णांचा काय दोष होता? पण अण्णांच्याही मनात खोली द्यायची होती. एवढ्या हौसेनं बांधलेलं घर बंद ठेवलं की त्यांना स्वतःचाच अपमान झाल्यासारखं वाटायचं. त्यावरून घरात धुसफूस सुरू झाली आणि थांबेचना. आईचं म्हणणं सरळ होतं. जिथं आपण झोपत नाही तिथं दुसऱ्याचं लेकरू झोपवायचं नाही. अण्णा म्हणायचे, "मग आपण झोपू." आई म्हणायची, "झोपा." आणि दोघंही पत्र्याखालच्या आपापल्या खाटेवर बसून राहायचे. मला दोघांचा राग यायचा, आणि दोघांची कीवही यायची.

जूनमध्ये, पाऊस नुसताच दाटून येत होता त्या दिवसांत, भर दुपारी एक माणूस मुलीला घेऊन फाटकात उभा राहिला. उमरीकडचा शेतकरी, पांढरा पायजमा, टोपी, खांद्यावर वळकटी. मुलीच्या हातात पेटी होती, ती तिनं खाली ठेवली आणि तिच्यावरच बसली. हेडमास्तरांनी आमच्याकडं बोट दाखवलं होतं. माणूस बोलका होता. आल्या आल्या त्यानं कॉलनीवर मत देऊन टाकलं. "काय वस्ती हाय ही? कुत्रंसुदिक भुंकलं न्हाई आमच्यावर." मग मुद्द्यावर आला. "अक्का, पोरीचा नंबर लागलाय. पर पोरीच्या जातीला खोली भेटंना. जिकडं जावं तिकडं पोरंच."

"आमाला द्यायची न्हाई खोली," आई म्हणाली.

अण्णा काही बोलायला गेले, आईनं बघितलं, ते मागं सरकले. माणूस मात्र हलला नाही. पत्र्याच्या खोलीत डोकावून त्यानं तिन्ही खाटा बघितल्या, घडी केलेली अंथरुणं बघितली, मग मागच्या घराचं कुलूप बघितलं.

"तुमी समदे हितं झोपता?"

"हाव."

"आन ते घर कुणाचं?"

"आमचंच."

तो हसायला लागला. "घर तिकडं आन माणसं हिकडं? कशापायी?"

अण्णा फाटकाकडं बघायला लागले. आता आई हवेचं सांगणार, मला वाटलं. मी ते वाक्य ऐकायला नको म्हणून मान फिरवली.

"भ्या वाटतंय," आई म्हणाली.

इतक्या वर्षांत आमच्या कॉलनीत हे कुणी उघड बोललं नव्हतं. आई थांबली नाही. "माझी थोरली बहीण माळवदाखाली गेली. तिची लेकरं गेली. तवापासून मला छताखाली डोळा लागत न्हाई. मीच झोपत न्हाई तिथं तुमच्या लेकराला कशी झोपवू? सांगा तुमीच."

माणसाचं हसू गेलं. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "आमचं तर अजून माळवदच हाय, अक्का," तो हळू म्हणाला. "आमच्याकडं समद्याची तशीच हायत. ही जन्मल्यापासून त्याच्याच खाली झोपायली."

आईनं मुलीकडं बघितलं. पेटीवर बसून ती चपलेचा पट्टा नीट करत होती. कपाळावर घाम, दोन वेण्या, एक सुटलेली. आई तिच्याकडं इतका वेळ बघत राहिली की पोरीनं लाजून मान खाली घातली.

"आजबी?" आईनं विचारलं.

"आज सकाळी तिथूनच उठून आलाव," माणूस म्हणाला.

आई उठली. पोरीला विचारलं, "जेवलीस का गं?" पोरगी नाही म्हणायच्या आत तिनं ताटं घेतली. माणसाला आणि अण्णांना बसवलं, पोरीला वाढलं. पोरगी दोन भाकरी खाऊन हात धुवून आली, तोवर पुरुषांचं जेवण बोलत बोलत चाललंच होतं. आईनं ट्रंक उघडली, तळातून खालांची रजई काढली आणि किल्ली घेऊन मागं निघाली.

"काय करायलीस?" अण्णांनी घास हातात धरून विचारलं.

"पडून बगते," ती म्हणाली. "गप जेवा."

मी तिच्यामागं गेले. तिनं कुलूप काढलं, रजई खोलीच्या बरोबर मधोमध अंथरली, चारी भिंतींपासून लांब, आणि आडवी झाली. दुपारचं ऊन खिडकीतून येत होतं. तिचे डोळे सताड उघडे होते, वर स्लॅबकडं. दोन्ही हातांत रजईची कड गच्च धरलेली. ऊठ म्हणावं वाटत होतं आणि उठू नको असंही वाटत होतं. मी उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिले. पोरीला यातलं काय कळणार? खोली मिळाली असं समजून ती पेटी उचलून माझ्या शेजारून आत गेली, आईच्या जवळ खाली बसली आणि पेटी उघडायला लागली.

तेवढ्यात रिंग रोडवरून ट्रक आला. नेहमीपेक्षा जड असावा, पायाखालची फरशी थरथरली. पेला वाजला.

मी पळाले. अण्णा खरकट्या हातानं पळाले. समोर हेडमास्तर आणि त्यांची बायको अंगणात आली. आम्ही पळालो म्हणून उमरीचा माणूसही "काय झालं, काय झालं" करत बाहेर आला. फाटकाशी पोचल्यावर मी मागं वळून बघितलं. अण्णा होते, पाहुणा होता. आई नव्हती.

"आई!" मी ओरडले आणि परत धावले.

ती आतच होती. गुडघ्यांवर उठून तिनं पोरीला पोटाशी ओढलं होतं, पोरीच्या डोक्यावर स्वतःचे दोन्ही हात आणि त्यावर स्वतःचं डोकं. रजई दोघींच्या अंगावर अर्धी आली होती. सगळ्यात आधी पळणारी माझी आई जागची हलली नव्हती, कारण त्या पोरीला पळायचं असतं हे माहीतच नव्हतं. ट्रक लांब गेला. पेला थांबला. आई आता रडत होती, मोठ्यानं, माझ्या देखत, पहिल्यांदा.

खालून पोरीचा दबलेला आवाज आला, "काकू, काय झालं?"

"काई न्हाई बाई," आई म्हणाली. "ट्रक होता."

तिनं पोरीला सोडलं, पदरानं तोंड पुसलं, पोरीची सुटलेली वेणी हातात घेतली. मग उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या माझ्याकडं तिचं लक्ष गेलं.

"तिथं काय उभी राहिलीस? तो पेला उचल तिथून. धू, आन पोरीला पाणी दे."